सहा नंबरची चकती

परीक्षेला पंधरा दिवस उरले की ॲनाटॉमीच्या म्युझियममधल्या सगळ्या बरण्यांचं पाणी बदलायचं, अशी त्या कॉलेजात जुनी रीत होती. पाणी म्हणजे फॉर्मॅलिन, शरीराचे नमुने टिकवायचं औषध. पण तिथे सगळे पाणीच म्हणत. झाकण काढायचं, नमुना चिमट्याने धरून ट्रेमध्ये घ्यायचा, सुटलेले दोरे नव्याने बांधायचे, नंबरांच्या पत्र्याच्या चकत्या पुसायच्या आणि बरणीमागच्या कार्डावरच्या चित्राशी ताडून बघायच्या. हे काम हाफडॉक्टरकडे होतं.

हे नाव त्याला विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं. पहिल्या वर्षाला नापास होऊन त्याने कॉलेज सोडलं, त्याला सहा वर्षं झाली. आता तो पंचवीस वर्षांचा होता आणि जिथे नापास झाला तिथेच पगारावर बरण्या धूत होता. विभागप्रमुख त्याचे सख्खे मोठे काका. पुतण्या रिकामा फिरला तर घराची अब्रू जाते, म्हणून त्यांनीच त्याला इथे चिकटवला होता. अब्रू हा शब्द त्या घरात मिठासारखा वापरत, सगळ्यात थोडा थोडा.

यंदा कामात त्याचं लक्ष नव्हतं. आठवड्यापूर्वी तो समोरच्या इमारतीत सर्जन बाईंना दाखवून आला होता. त्याची डावी गोटी जन्मापासून खाली आलीच नव्हती, जांघेतच कुठेतरी अडकून बसलेली. तो लहान असताना आंघोळ घालताना आईच्या ते लक्षात आलं होतं. तेव्हा आजोबांनी निकाल दिला होता, आपल्या घरात असलं काही नसतं, उतरेल आपोआप. नंतर आजोबा गेले, पण निकाल कुणी बदलला नाही. आता तिथे वाटाण्याएवढं टणक काहीतरी हाताला लागत होतं.

बाईंनी तपासलं, हात धुतले आणि सरळ विचारलं, "रक्ताच्या नात्यात कुणाला असं होतं? तरुणपणीच गेलेलं कुणी?"

"विचारून सांगतो."

"विचारा. असेल, तर मी थांबणार नाही, लगेच काढून टाकेन. नसेल, तर तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी करू. तुमच्या उत्तरावर आहे सगळं."

त्याने घरी विचारलं. बाबांनी वर्तमानपत्र खाली न घेता "आपल्याकडे? छे," म्हणून विषय मिटवला. काकांनीही कानावर हात ठेवले. त्या दोघांचा एक धाकटा भाऊ होता, तो सव्विसाव्या वर्षी गेला. त्याचं काय झालं होतं, असं विचारल्यावर दोघंही एकाच सुरात म्हणाले, "पोटाचं दुखणं." घरात त्या धाकट्या काकांचा एकही फोटो नव्हता. हाफडॉक्टरने बाईंना कळवून टाकलं, कुणी नाही. तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली.

म्युझियम तळमजल्यावर होतं. खिडक्यांना दुधी काचा, त्यामुळे भर दुपारीही आत एक आजारी, पांढरट उजेड असायचा. एकोणचाळीस नंबरची बरणी कोपऱ्यातल्या रॅकवर होती, सगळ्यांत मोठी. तिच्यात पुरुषाची अख्खी श्रोणी होती, ओटीपोटापासून जांघांपर्यंत, समोरून उघडलेली. मधे सुकल्या फुग्यासारखं मूत्राशय, त्याच्याखाली प्रोस्टेटची गाठ, दोन्ही बाजूंना हाडांचे पंखे. उजव्या वृषणापासून शुक्रवाहिनी निघाली होती. जांघेतल्या बोगद्यातून ती वर चढत होती, हाडाला वळसा घालून मूत्राशयाच्या मागे उतरत होती. इतका मोठा फेरा, आणि नळी सुतळीएवढी. डावीकडे मात्र वृषण बोगद्याच्या वरच्या तोंडाशीच अडकलं होतं आणि खालची पिशवी रिकामी लोंबत होती. त्या अडकलेल्या वृषणाला सहा नंबरची चकती होती. कार्डावर काकांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: पुरुष, वय २६. दुर्मिळ.

याच बरणीसमोर काकांनी त्याची तोंडी परीक्षा घेतली होती. सहा नंबरवर बोट ठेवून ते विचारत राहिले होते आणि त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. वर्गासमोर मांडी आवळून उभ्या राहिलेल्या मुलाला त्यांनी शांतपणे शून्य दिलं होतं.

सोमवारी त्याने बरणी उघडली तेव्हा सहा नंबर कार्डातल्यापेक्षा बोटभर खाली होता. अशा वेळी काय करायचं, याचा काकांनी नियम घालून दिला होता: नमुना सरकतो, कार्ड सरकत नाही. म्हणजे नमुन्याला कार्डाप्रमाणे बसवायचं. त्याने वृषण चिमट्याने वर ओढलं आणि पांढऱ्या दोऱ्याने हाडाच्या कडेला बांधून टाकलं. नवं पाणी भरलं. संध्याकाळी घरी जिना चढताना त्याच्या डाव्या जांघेत अशी कळ आली, की तो कठडा धरून पायरीवरच बसला.

मंगळवारी सहा नंबर पुन्हा खाली होता. गाठ जशीच्या तशी, दोराही तुटलेला नव्हता. पण काल आखूड बांधलेला दोरा आज दोन बोटं लांब होता. त्याने नवा दोरा घेतला, दोन गाठी मारल्या. पाण्यातून हात बाहेर काढताना त्याला जाणवलं, पाणी गार नाहीये. आणि वासही फॉर्मॅलिनचा नव्हता. तापाने फणफणलेल्या माणसाच्या अंथरुणाला येतो तसा, ओला, अंगाचा वास होता. त्या संध्याकाळची कळ पहाटेपर्यंत थांबली नाही.

बुधवारी दुपारी तो पलीकडच्या टेबलावर मणके पुसत बसला होता. म्युझियम रिकामं. तेवढ्यात मागून आवाज आला.

टिक.

त्याने वळून पाहिलं नाही. मणका पुसत राहिला. बऱ्याच वेळाने पुन्हा... टिक. पत्र्याची चकती काचेवर हलकेच आपटते तसा. तो उठला, कोपऱ्यात गेला, बरणीपाशी वाकला. दोरा ताणला गेला होता. सहा नंबर बोगद्याच्या खालच्या तोंडाशी आला होता, आणि त्याच्या मागोमाग शुक्रवाहिनीही खाली ओढली गेली होती. कुणीतरी आतून, धीराने, थोडं थोडं सोडत असावं तशी. तो बघत असतानाच चकती केसभर हलली.

तरी तो पळाला नाही, काकांच्या खोलीत गेला.

"काका, एकोणचाळीसमधला सहा नंबर खाली येतोय."

काकांनी मान वर केली नाही. "दोरा ढिला बांधतोस."

"दोन गाठी मारल्या होत्या."

"मग तीन मार."

"तुम्ही या बघायला."

"एवढं बांधता येत नाही, म्हणून तर हाफडॉक्टर," काका म्हणाले. पण उठले. बरणीसमोर आल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ज्या माणसाने आयुष्यभर मेलेल्यांच्या पोटात कोपरापर्यंत हात घातले, तो बरणीपासून दोन पावलं लांबच थांबला.

"हा कोण आहे, काका?"

"नमुना आहे."

"सव्विसाव्या वर्षी काय झालं याला?"

"हळू बोल," काका कुजबुजले. त्यांचे डोळे बरणीवर होते. कुणाला ऐकू जाईल, अशी भीती होती त्यांना? "मी तेव्हा इथेच पुढचं शिकत होतो. हाताला लागली तेव्हाच मला कळलं, गाठ कसली आहे ती. वडिलांना सांगायला गेलो. ते म्हणाले, तू आत्ता कुठे डॉक्टर होतोयस... थांबा म्हणाले. मग आम्ही थांबलो."

"आणि नंतर कापलात."

"वाया जाऊ नये म्हणून." ते हे अगदी साधेपणाने म्हणाले. "देह इस्पितळातूनच गुंडाळून नेला होता. कुणी सोडून बघितला नाही."

हाफडॉक्टर बघत राहिला. तीस वर्षं मुलांच्या तुकड्या इथे येऊन या माणसाची एकेक नस नावाने ओळखून गेल्या होत्या. त्याचं स्वतःचं नाव एकाही कार्डावर नव्हतं.

"मी मागच्या आठवड्यात विचारलं, तेव्हा?"

"तुझ्या बापाने शपथ घातली. तुझ्या लग्नाचं बोलणं चाललंय... एकदा कागदावर आलं की..."

"मी मेलो असतो तर माझी कितवी बरणी झाली असती?"

टिक, असा आवाज झाला आणि काका दचकून मागे सरले. मग सवयीने म्हणाले, "वर बांध ते. परीक्षा आहे."

तेव्हा हाफडॉक्टरला उमगलं, की दोन दिवस तो काय करत होता. मेलेला माणूस जे खाली आणत होता, ते हा रोज वर ओढून बांधत होता, कार्डासाठी. त्याने कात्री घेतली, झाकण बाजूला केलं आणि पाण्यात हात घातला. पाणी चक्क कोमट होतं. "हात लावू नकोस," काका म्हणाले. पण अडवायला पुढे आले नाहीत. दोरा कापल्याबरोबर वृषण हळूहळू उतरलं आणि रिकाम्या पिशवीत जाऊन टेकलं, दिवसभर उभा राहिलेला माणूस शेवटी खाली बसतो तसं. खोलीतला तो अंगाचा वास एकदम नाहीसा झाला.

हात न पुसताच तो समोरच्या इमारतीत गेला. बाई निघायच्या बेतात होत्या.

"आहे," तो म्हणाला. "सख्खे काका. सव्विसाव्या वर्षी. याच गाठीने."

बाईंनी पर्स पुन्हा टेबलावर ठेवली. "उद्या सकाळी उपाशी या."

घरी त्याने कुणाला विचारलं नाही, फक्त सांगितलं. बाबा म्हणाले, "निदान चारचौघांत नाव तरी हर्नियाचं सांग." तो त्यांच्या तोंडावर हसला आणि पिशवी भरायला लागला.

जाग आली तेव्हा खिडकीतून स्वच्छ ऊन पलंगावर आलं होतं. सर्जन बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या होत्या.

"गाठ अख्खी निघाली," त्या म्हणाल्या. "वेळेत आलात. तीन महिने थांबला असतात तर पोटात पसरली असती."

त्याने डोळे मिटले. आपण जगणार, हे त्याला सावकाश, पायांपासून वर येत गेल्यासारखं कळलं. पण बाई उठल्या नाहीत.

"एक विचारू? तिथे याआधी कुणी काही केलं होतं?"

"नाही. का?"

"मी इतकी वर्षं हे करतेय..." त्यांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. "वृषणाची दोरी कापली तेव्हा रक्त आलं नाही. एक थेंब नाही. जे हातात आलं ते पांढरं होतं, घट्ट. तपासणीच्या बाटलीत टाकायच्या आधीच औषधात मुरल्यासारखं."

तो काही बोलणार तेवढ्यात दार उघडलं. काका होते. मागे बाबा, भिंतीला टेकलेले, खाली बघत. काकांच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. बाईंना बघूनही ते थांबले नाहीत, थेट पलंगापाशी आले आणि वाकले.

"एकोणचाळीसचं पाणी लाल झालंय," ते पुटपुटले.

"कधी?"

"सकाळी. साडेनऊला."

बाईंनी चमकून घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊलाच त्यांनी ती दोरी कापली होती.

"मी दोनदा पाणी बदललं. थांबत नाहीये."

"मी दोरा कापला ना तिथला," हाफडॉक्टर म्हणाला. त्याला त्या म्हाताऱ्याची कीव येत नव्हती. "तिथूनच येत असेल. डावीकडून."

काकांनी नकारार्थी मान हलवली. त्यांची नजर चादरीवर, त्याच्या मांड्यांच्या मधोमध, खिळली होती.

"डावीकडचं कोरडं आहे," ते म्हणाले. "उजवीकडून येतंय, चांगल्या बाजूने..."