भेगासुराच्या कपाळावरची काच

"चोर? मी चोर?"

इरा एवढ्या जोरात ओरडली की मुकुलच्या हातातला पोह्यांचा चमचा तोंडाजवळच थांबला. मुकुलचा चमचा थांबणं ही त्या घरात साधीसुधी घटना नव्हती.

"कोण म्हणालं?"

इराने टॅब त्याच्यासमोर आदळला. ती नांदेडची. नुकतीच नववीत गेलेली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूरला माधवमामांकडे आलेली. मुकुल तिचा मामेभाऊ, तिच्याच वयाचा. त्याला सुट्टी अशी नव्हतीच. लातुरात शाळा बंद झाली की क्लास सुरू होतो, आणि तो क्लास संपला की दुसरा!

टॅबवर 'खलनायक कट्टा' उघडा होता. कॉमिक्समधले दुष्ट लोक आपापल्या पद्धतीने टॅबवर रंगवायचे आणि तिथे टाकायचे, असा हा ऑनलाइन कट्टा. नायकांना तिथे सक्त मनाई! इराने गेल्या आठवड्यात तिथे आपला लाडका भेगासुर टाकला होता. 'कॅप्टन कातळ' या कॉमिक्समधला हा राक्षस पाय आपटतो आणि जमीन दुभंगते. पुस्तकात तो नुसताच हिरवा आणि ढेरपोट्या आहे. इराच्या भेगासुराचा चेहरा मात्र दगडी होता. कपाळापासून गालापर्यंत एक भेग फांद्या फोडत उतरली होती. एवढी खरी वाटणारी भेग तिला कुठे सापडली, ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

कट्ट्यावर वाहवा झाली होती. आणि आज, शनिवारी सकाळी, कोणीतरी फोटो टाकला होता. जळकोटमधलं अर्धवट बांधलेलं घर, आणि त्याच्या खांबाला टांगलेला भेगासुर! तोच चेहरा, तीच भेग! खाली लिहिलं होतं, "हा तर मार्चपासून आमच्या गल्लीत लटकतोय. बाईसाहेबांनी बघून उतरवला वाटतं!"

त्याखाली कट्टाप्रमुखांचा शेरा होता. "नक्कल करणाऱ्याला कट्ट्यावर जागा नाही. उद्या संध्याकाळपर्यंत पुरावा द्या. नाहीतर नाव काढू, आणि का काढलं तेही लिहू."

"तू कधी रंगवलंस?" मुकुलने विचारलं.

"फेब्रुवारीत! पण परीक्षा संपेपर्यंत आईने नेट बंद केलं होतं ना. म्हणून आत्ता टाकलं."

"मग टॅबमध्ये आधीच्या कच्च्या रेघा असतील की!"

"होत्या." इराचा आवाज बारीक झाला. "टॅब अडकायला लागला म्हणून मीच पुसल्या."

"लई हुशार!" मुकुल म्हणाला. मग तिचे भरून आलेले डोळे पाहून त्याने आपली पोह्यांची बशी हळूच तिच्याकडे सरकवली. त्याच्या जमाखर्चात यापेक्षा मोठं दान नव्हतं.

"आता हजारो लोक मला चोर म्हणणार, मुकुल. मी पुन्हा तिथे तोंड कसं दाखवू?"

"कोण चोर?" दारातून आवाज आला. ही बुद्धप्रिया, शेजारची. मुकुलच्याच वर्गात होती आणि कोणतीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय मानत नव्हती. तिने फोटो मोठा करून पाहिला आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"अगं, याला मी ओळखते! हा आपल्या क्लासच्या गल्लीतसुद्धा आहे!"

"काय?"

"उठा! सायकली काढा!"

क्लासच्या गल्लीत भिंती कमी आणि चेहरे जास्त होते. जिकडे पाहावं तिकडे गुणवंतांचे फोटो, खाली त्यांचे गुण, आणि बाजूला हाताची घडी घातलेले सर. त्या चेहऱ्यांच्या मागे नवीन वसतिगृहांचे मजले चढत होते. आणि प्रत्येक बांधकामावर, नजर लागू नये म्हणून लोक टांगतात तसं, राक्षसाचं तोंड होतं. दर वर्षी वेगळं असायचं. या वर्षी सगळीकडे एकच होतं.

"भेगासुर! तिथेही भेगासुर!" मुकुल ओरडला. "टॉपरांच्या रांगेत बसलाय बघ. याला किती मार्क पडले असतील?"

"नजर-बिजर काही नसते," बुद्धप्रिया म्हणाली. "पण राक्षस झकास आहे, इरा. मला आधी माहीत असतं तू काढलायस, तर मी रोज नमस्ते केलं असतं."

इरा हसली नाही. ती टाचा उंचावून फ्लेक्स निरखत होती. "कोपऱ्यात मी माझं नाव लिहिलं होतं. कापलंय! आणि हे काय? कपाळावर लाल टिळा? मी टिळा काढलाच नव्हता!"

"मग काय काढलं होतंस?"

"काच. भेगेवर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी."

बुद्धप्रियाचे डोळे चमकले. "म्हणजे ज्याने छापलं त्याला ती काय आहे ते कळलंच नाही. ज्याने काढलं त्यालाच कळतं! थांब, खाली बारीक अक्षरात छापणाऱ्याचं नाव असतं..." ती गुडघ्यावर बसली. "रामकिशन फ्लेक्स, गंजगोलाई. चला!"

दुकानात रंगाचा उग्र वास होता आणि यंत्रातून कोणाच्या तरी वाढदिवसाचा भलामोठा चेहरा हळूहळू बाहेर येत होता. रामकिशनकाका म्हणजे गोल पोटाचा, गोल चेहऱ्याचा माणूस.

"काका, आमचं बांधकाम चालू आहे," बुद्धप्रियाने गंभीर चेहऱ्याने सुरुवात केली. तिच्या घरी खरोखरच न्हाणीघराची फरशी बदलत होते, त्यामुळे हे खोटंही नव्हतं. "तुमचा तो राक्षस हवाय. पण टिळा नको."

"टिळा नको? कामून?" रामकिशनकाकांना लागलंच ते. "आता तो टिळा मी सोता भरलाय! मूळ चित्रात तिथं नुसती पांढरी पट्टी व्हती. म्हणलं, काढणाऱ्यानं काम अर्धवट सोडलं की. मग लाल केलं. बघा कसा शोभून राहिला! लई मागणी हाय त्याला. जळकोट, भोकर, पार माहूरपर्यंत गेला गडी!"

"मूळ चित्र आहे तुमच्याकडे? दाखवा ना!"

पडद्यावर चित्र उघडलं. इरा पडद्याकडे झुकली. तिचाच भेगासुर! कपाळावर चकाकणारी पट्टी, आणि खालचा नावाचा कोपरा कापलेला.

"ती पट्टी नाही, काच आहे!" तिच्या तोंडून निघून गेलं.

"काच? राक्षसाला काच? चष्मा लागलाय का त्याला?" रामकिशनकाका पोट हलवत हसले.

"तुम्हाला हे कोणी दिलं, काका?"

"ते न्हाई सांगता येत. गिऱ्हाइकानं बजावलंय, माझं नाव घेऊ नको म्हणून. शब्द म्हणजे शब्द!" ते छातीवर हात ठेवून म्हणाले.

"बरोबर आहे," बुद्धप्रिया म्हणाली. "मोठे गिऱ्हाईक असतील."

"मोठे म्हणजे? माधवराव इंजिनिअर! निम्मी हॉस्टेलं त्यांचीच..." आणि रामकिशनकाकांनी जीभ चावली.

मुकुलचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. माधवराव इंजिनिअर म्हणजे त्याचे बाबा! कोणाच्या दाराला लिंबू-मिरची दिसली तरी थांबून विज्ञानावर भाषण देणारे बाबा!

सगळ्यात आधी त्यालाच सुचलं. "काका, खराब छपाईचा एखादा राक्षस आहे का, फेकून द्यायचा?"

"तो बघ कोपऱ्यात. शाई फिसकटली. ने फुकट."

परतीच्या वाटेवर बुद्धप्रियाने विचारलं, "पण इरा, काच सुचली कशी तुला?"

इराने करकचून ब्रेक दाबला. "सुचली नाही! दिसली! अरे देवा, पुरावा तर मी रोज उशाशी घेऊन झोपतेय!"

तिघं धावत घरात शिरली. मागच्या खोलीत इराची गादी होती. सगळं घर नव्याने रंगवलेलं, पण गादीच्या वरचा भिंतीचा एक तुकडा तसाच जुना. त्यावर एक भेग उतरत होती, फांद्या फोडत. आणि तिच्यावर आडवी, दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवलेली काचेची पट्टी. इरा लहानपणापासून सुट्टीत इथे झोपायची. दुपारी त्या भेगेत तिला चेहरा दिसायचा.

बुद्धप्रियाने चित्र भिंतीला लावून धरलं. एकेक फांदी जुळली!

"मी रोज इथूनच शर्ट काढतो," मुकुल पुटपुटला. "मला कधी दिसली नाही."

"तुला भिंतीवर फक्त घड्याळ दिसतं, जेवायच्या वेळेचं," बुद्धप्रिया म्हणाली. "चित्र इराचंच, हे सिद्ध झालं. पण ते तिच्या आधी खांबावर चढलं कसं?"

"ते बाबा सांगतील," मुकुल म्हणाला आणि फ्लेक्सची गुंडाळी सोडू लागला.

संध्याकाळी माधवमामा साइटवरून आले, ते फाटकातच थबकले. फाटकावर शाई फिसकटलेला भेगासुर झुलत होता.

"कोणी लावलं हे? माझ्या घरावर? ही अंधश्रद्धा माझ्या दारात चालणार नाही! दगड, विटा, सिमेंट यांना कधी नजर लागते का?"

"नाही लागत, मामा," इरा गोड आवाजात म्हणाली.

"मग?"

"मग तुमच्या हॉस्टेलना का लागते, काका?" बुद्धप्रियाने विचारलं.

मामांनी खिशातून रुमाल काढला. कपाळ पुसलं. मान पुसली. पुसायला काही उरलं नाही तेव्हा म्हणाले, "मी कुठे मानतो? पण राक्षस टांगल्याशिवाय मिस्त्री वर चढेनात! आणि... असला तर काय बिघडतं?"

राजश्रीमामी स्वयंपाकघरात खुदकन हसल्या. मामांचं विज्ञान त्यांना लग्नापासून माहीत होतं.

"बाबा, चित्र कुठून आणलंत?"

"आलं होतं कुठूनतरी फोनवर... थांबा." मामा फोनवर बोट फिरवत मागे गेले. एप्रिल, मार्च, फेब्रुवारी. मग बोट थांबलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तुझ्या आईने पाठवलंय."

"आईने?" इराचा विश्वासच बसेना. तिची आई, प्रमोदिनी, नांदेडला शाळेत गणित शिकवायची. फेब्रुवारीत इराने तिला भेगासुर दाखवला होता. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "छान. गणिताचा पेपर कधी आहे?" त्या 'छान'चा राग इराने आजवर जपून ठेवला होता.

चित्रातला नावाचा कोपरा तिथेही कापलेलाच होता. खाली आईचा प्रश्न होता, "दादा, काच ओळखलीस का?" आणि त्याखाली मामांचं उत्तर होतं, एक अंगठा.

"मी वाचलंच नाही गं," मामा हळूच म्हणाले. "राक्षस दिसला. साइटला हवाच होता. दिला पाठवून."

इराने तिथल्या तिथे आईला व्हिडिओ कॉल लावला. सगळं ऐकून आईने चष्मा सारखा केला.

"फोन मागच्या खोलीत ने," ती म्हणाली. "भिंत दाखव मला."

इराने दाखवली.

"किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. हे घर पडलं नाही, पण ही भेग पडली. काही दिवस सगळे अंगणात झोपलो, मग एकेक जण आत झोपायला लागला. मी काही केल्या आत येईना. तेव्हा तुझ्या आजोबांनी ही काच चिकटवली. म्हणाले, 'पमे, भिंत केसभर जरी सरकली तरी आधी ही काच तडकेल. रोज सकाळी तू तपासायचीस आणि मला सांगायचंस.' मी तपासायची. लग्न होईपर्यंत तपासत होते."

मामा दाराशी उभे होते. त्यांनी हात वर करून काचेवरची धूळ बोटाने पुसली.

"मला हे माहीतच नव्हतं," इरा म्हणाली. "मला नुसती ती चमकते म्हणून आवडायची."

"आणि मी तुझं चित्र पाहिलं," आईने चष्मा काढला, "तर माझ्या पोरीने भूकंपाच्या राक्षसालाच काच लावलेली! म्हटलं, आता हा हलत नाही. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. काच ओळखणारं दुसरं होतं कोण? हा एक भाऊ! त्याने अंगठा दाखवला."

"मग माझं नाव का कापलंस?"

आई चक्क लाजली. "एवढं सुंदर चित्र. म्हटलं, तुला कोणाची नजर नको लागायला."

"काकू!" बुद्धप्रिया ओरडली. "तुम्ही गणित शिकवता ना?"

मग सगळेच हसत सुटले, आई तर सगळ्यात जास्त.

रविवारी दुपारी कट्ट्यावर भिंतीचा फोटो आणि भेगासुर शेजारी शेजारी झळकले. बुद्धप्रियाने सगळी हकिगत मुद्देसूद लिहिली. मुकुलने त्यात तीन ठिकाणी स्वतःचं नाव घातलं. आणि त्याखाली एका नव्या सदस्याने लिहिलं, "मी इराची आई. चित्र तिचंच. नाव मी कापलं. चूक माझी, हात तिचा."

कट्टाप्रमुखांचं उत्तर लगेच आलं. "पुरावा मान्य. कट्टा इराची माफी मागतो. असा खलनायक आमच्याकडे दुसरा नाही." जळकोटच्या त्या माणसानेही लिहिलं, "ताई, चुकलो. खांबापाशी काच बघायला गेलो, तर तिथे टिळा! तुमचा राक्षस आमच्या गल्लीला लाभो."

त्या आठवड्यात रामकिशनकाकांनी नवे भेगासुर छापले. टिळा गेला, काच आली, आणि कोपऱ्यात ठळक अक्षरात 'चित्र: इरा'. मामा स्वतः शिडी धरून उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "माझ्या भाचीचं काम आहे! आणि शोधून काढलं ते या दोघांनी. इंजिनिअरला पकडलं म्हणजे काय!" राजश्रीमामींनी तिघांना धपाटे आणि दही खाऊ घातलं. मुकुलने आपली उधारीची पोह्यांची बशी धपाट्यांत वसूल करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरा अजून गादीवरच होती. टॅब वाजला. आईचा मेसेज होता. एकच शब्द.

"काच?"

इराने मान वर करून पाहिलं. खिडकीतून ऊन आलं होतं आणि पट्टी लखलखत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शाबूत.

तिने अंगठा पाठवला.

"छान," आईचं उत्तर आलं. आणि पाठोपाठ आलं, "गणिताचं पुस्तक नेलंयस ना?"