हाकेला ओ

इअरबड घ्यायला निघताना तात्यांनी कानटोपी घातली, तेव्हाच लेकीच्या लक्षात यायला हवं होतं की हे प्रकरण सरळ जाणार नाही. बाहेर थंडी नव्हती. म्हातारा माणूस, असेल काही लहर, म्हणून तिनं सोडून दिलं.

गरज मात्र खरी होती. तात्यांचे कान गेली चार वर्षं मंदावत चालले होते, आणि आदल्या आठवड्यात त्यांची सात वर्षांची नात चिमी शाळेतून येऊन पाऊण तास दाराबाहेर घंटी वाजवत उभी राहिली होती. तात्या आत भाजी चिरत होते. शेवटी शेजारणीनं लेकीला फोन केला. लेक टपाल कचेरीत सहापर्यंत अडकलेली, जावई दूरगावी नोकरीला. चिमीकडे बघायला घरात तात्यांशिवाय कोणी नाही. त्या संध्याकाळी लेक ओरडली नाही, आणि तेच तात्यांना जास्त लागलं. तिनं एवढंच सांगितलं, की दारावर फोनला जोडलेली घंटी बसवते, तुम्ही दुपारभर कानात इअरबड घालून बसा. घंटी वाजली, मी फोन केला, की थेट कानात. एवढं करूनही ऐकू येणार नसेल तर मग चिमीला पाळणाघरात ठेवावं लागेल.

बायको गेल्यापासून तात्यांचा दिवस दुपारी साडेतीनला, चिमी आली की उजाडायचा. पाळणाघर हा शब्द ऐकल्यावर ते मुकाट्यानं चपला घालून तयार झाले.

दुकानातली विक्रेती चष्मा लावणारी, बोलायला चटपटीत बाई होती. तिनं काचेवर तीन डब्या मांडल्या.

"फोन अँड्रॉइड ना, आजोबा? मग काही अवघड नाही. झाकण उघडायचं, फोनवर नाव येतं, 'जोडा' म्हणायचं. झालं लग्न."

"आमचं लग्न ठरायला दोन वर्षं लागली होती," तात्या म्हणाले. लेकीला हसू आलं. तात्या हसले नाहीत.

पहिली जोडी नुसती कानात टेकायची. तात्यांनी मान हलवली आणि डावं बोंड काचेवर टपकन पडलं. तात्या त्यांना बोंडंच म्हणत होते. दुसऱ्या जोडीला रबरी टोकं होती. "ही बाहेरचा सगळा आवाज बंद करते, बघा," म्हणत विक्रेतीनं ती स्वतःच त्यांच्या कानात बसवली.

पंखा गेला. रस्ता गेला. लेक समोर बोलत होती, तिचे नुसते ओठ हलत होते. चाळीस वर्षांत तात्यांनी कानात काहीही घातलं नव्हतं, कापसाचा बोळासुद्धा नाही. त्या शांततेत ते जेमतेम श्वास घेतात न घेतात, तोच खालून, पत्र्यावर घुमत घुमत आवाज आला.

"आहेस का रे?"

पाठोपाठ वास आला. अती पिकलेल्या केळ्यांचा, गोड, घशाला चिकटणारा.

तात्यांनी दोन्ही बोंडं उपसून काचेवर टाकली.

"काय झालं?" लेकीनं विचारलं.

"काही नाही. गुदगुल्या झाल्या."

"पहिल्यांदा होतं असं," विक्रेती म्हणाली. "बाहेरचं बंद झालं की आपल्याच रक्ताचा आवाज येतो कानात."

तात्यांनी तिसरी जोडी घेतली. तिच्यात बाहेरचंही सगळं ऐकू यायचं. "फक्त या दांडीवर बोट दाबून धरलंत तर बाहेरचं बंद होईल," विक्रेतीनं बजावलं. "पुन्हा दाबलं की चालू."

"दाबणारच नाही," तात्या म्हणाले, आणि इतक्या घाईनं म्हणाले की दोघी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

परतताना बसमध्ये लेक खिडकीशी बसली होती आणि तात्या तळहात मांडीवर उलटे ठेवून बसले होते. ते तळहात कोणाला दाखवायची त्यांना सवय नव्हती.

तात्या रंगाच्या कारखान्यात होते. तिथल्या मोठ्या टाक्या वर्षातून दोनदा आतून खरवडाव्या लागत. टाकीला वर एक भोक, जेमतेम माणूस जाईल एवढं, म्हणून उतरायचा तो नेहमी गिड्डू. अंगानं एवढासा, जिभेनं मात्र भारी. त्याच्या कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक भोकाशी बसलेल्या तात्यांच्या हातात. आत वाफा असत, त्यांना पिकल्या केळ्यांचा वास यायचा, आणि त्या वासानं माणसाला कधी गुंगी येईल त्याचा नेम नसे. म्हणून नियम होता. दर पाच मिनिटांनी आतल्यानं विचारायचं, "आहेस का रे?" वरच्यानं ओ द्यायची, "आहे!" आणि दोराला तीन हिसके बसले की काहीही न विचारता ओढायचं.

चाळीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारी मॅच होती, शेवटचं षटक चाललं होतं. तात्यांच्या सदऱ्यात छोटा रेडिओ होता आणि त्याची वायर उजव्या कानात. वायर कानात दाबून धरायला हात मोकळा हवा, म्हणून दोर त्यांनी कठड्याला बांधला होता. हाक आली तेव्हा त्यांना ती ऐकू आली, लांबून का होईना, पण आली. त्यांच्या मनात आलं, एवढा एक चेंडू होऊ दे.

चौकशीत त्यांनी सांगितलं, हाक आलीच नाही, दोर माझ्या हातातच होता. साहेबांनी लिहिलं, मयतानं तोंडावरची पट्टी नीट बांधली नव्हती. मेलेल्यावर ढकललं की सगळ्यांचं भागतं. तात्यांनी रेडिओ नदीत टाकला आणि कानाला खडा लावला. मॅचचं त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

पुढचे तीन आठवडे बोंडं गुणी लेकरासारखी वागली. साडेतीनला कानात टिंग व्हायचं आणि चिमीनं बोट उचलायच्या आत तात्या दार उघडायचे. साडेचारला लेकीचा फोन. "तात्या, सगळं ठीक?" "ठीक ठीक, काळजी करू नकोस." लेकीनं पाळणाघराचा विषय पुन्हा काढला नाही. तात्यांची भीड चेपली. दुकानात ऐकलं ते रक्ताचंच असणार, असं ते स्वतःला समजावू लागले.

मग एका दुपारी चिमी त्यांच्या मांडीला टेकून म्हणाली, "एक मला द्या ना. गोष्ट लावू. एक कान तुमचा, एक माझा."

साडेचार वाजत आले होते. खिडकीतून ऊन थेट फरशीवर आलं होतं, वरच्या मजल्यावर कोणीतरी कपडे आपटत होतं. भ्यायचं म्हटलं तरी भिता येऊ नये अशी वेळ. तात्यांनी डावं बोंड काढून तिच्या कानात बसवलं. ससा आणि सुतार अशी काहीतरी गोष्ट सुरू झाली.

"तात्या, याचं एक भारी बटण तुम्हाला माहीतच नाही," चिमी म्हणाली आणि तिनं दांडीवर बोट दाबून धरलं.

वरचं कपडे आपटणं थांबलं. गोष्ट सांगणारी बाई अर्ध्या वाक्यात गप्प झाली.

"आहेस का रे?"

टेबलावर फोन होता, त्याचा पडदा काळा. कोणाचा फोन आलेला नव्हता. बोंड काढायला हात उचलावा म्हटलं तर हात उचलेना. घरभर केळ्यांचा वास सुटला होता आणि घरात एकही केळं नव्हतं.

"आहेस का रे?"

"तात्या," चिमी कुजबुजली, "कोणीतरी विचारतंय."

"तुला... ऐकू आलं?"

"हो. तुम्ही ओ द्या ना. आई म्हणते, हाकेला लगेच ओ द्यावी."

"चिमे, नको... काढ ते कानातून, काढ आधी..."

"आहे!" चिमी मोठ्यानं म्हणाली.

मग कोणीतरी खूप वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा, तसा लांब उसासा ऐकू आला. चिमीनं आपले हात समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"तात्या, हाताला काहीतरी ओढतंय."

आता तात्यांचं अंग हललं. दोन्ही बोंडं त्यांनी उपटली, चिमीच्या मुठी आपल्या हातात घट्ट धरल्या आणि ज्या आवाजात चाळीस वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं त्या आवाजात ओरडले, "आहे! मी आहे रे, गिड्डू! तिला सोड, ती पोर आहे. मला ऐकू आलं होतं. खोटं बोललो मी... मला ऐकू आलं होतं!"

वर पुन्हा कपडे आपटू लागले. वास गेला. चिमी रडली नाही, तिनं एवढंच विचारलं, "गिड्डू कोण?"

"माझा मित्र."

"मग तुम्ही त्याला रागावलात का?"

तेवढ्यात साडेचारचा फोन वाजला. "सगळं ठीक?" लेकीनं विचारलं. "ठीक," तात्या म्हणाले, आणि खरंच त्यांना तसं वाटत होतं. चार दशकांचं ओझं उतरलं होतं. त्या रात्री ते असे झोपले की सकाळी लेकीनं दोनदा हलवून उठवलं. पुढे दोन-तीनदा मुद्दाम, छातीवर दगड ठेवून, त्यांनी स्वतःच ती दांडी दाबून पाहिली. नुसती शांतता होती. विचारलं होतं, ओ दिली, संपलं. गिड्डू गेला असेल आपल्या वाटेनं, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

नवव्या दिवशी रविवार होता. जेवणं झाल्यावर चिमी आतल्या खोलीत झोपली होती आणि लेक धुतलेले कपडे घडी करत होती.

"तात्या, एक गंमत सांगू?" ती म्हणाली. "ही हल्ली झोपेत बोलते. सारखी आपली 'आहे', 'आहे'. मी परवा घड्याळ लावून बघितलं. बरोबर पाच मिनिटांनी. तुमच्या इअरबडचं वेड घेतलंय कार्टीनं."

तात्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "आणि हात?" त्यांनी विचारलं.

"हात काय? मुठी आवळून झोपते. लहानपणापासूनच तशी आहे ती."

लहानपणी चिमी हात पसरून झोपायची. तात्यांना ते पक्कं ठाऊक होतं, तिला झोपवायचे तेच. डबी घेऊन ते आत गेले, दार लोटून घेतलं, दोन्ही बोंडं कानात घातली आणि दांडी दाबून धरली. चिमी उताणी झोपली होती, दोन्ही मुठी पोटावर, एकावर एक. ते पलंगाशी बसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

"मला विचार," ते हळूच म्हणाले. "नियमानं मला विचारायचं, गिड्डू. भोकाशी मी होतो."

पाच मिनिटं झाली. तात्यांच्या कानात काहीही आलं नाही.

"आहे," चिमी झोपेत म्हणाली.

तात्यांनी तिच्या मुठींवर हात ठेवला. मुठींच्या आत काहीतरी ताणलेलं होतं, दिसत नव्हतं, पण खाली कुठेतरी त्याला वजन होतं. जीव खाऊन त्यांनी तिची बोटं उलगडली. तळहातांवर आडवे लाल वळ उठले होते, पिळाच्या दोराचे. तसले वळ त्यांच्या स्वतःच्या हातांवर त्या दुपारी उठायला हवे होते. बोटं पुन्हा आपोआप मिटली.

तात्यांनी तिथेच, त्या पोरीच्या मुठींवर कपाळ टेकलं. "दे इकडे," ते म्हणाले. "दोर माझ्याकडे दे रे. पाया पडतो. या वेळी सोडणार नाही..."

चिमीनं डोळे उघडले नाहीत. कोणाचं तरी नीट ऐकून घेत असल्यासारखी तिची मान जरा कलली, आणि ती आपल्या नेहमीच्या, निरोप सांगणाऱ्या आवाजात म्हणाली, "तात्या, तो म्हणतोय, त्याला सांग, तू आपली मॅच ऐक."