उघडी ठेवायची नळी

महाडजवळच्या नाते गावच्या सयाजीचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता आणि डोक्यात राग मावत नव्हता. घरी बांधलेली त्याची गाडी पोलादपूरच्या चढावर बंद पडून मागे घरंगळली आणि गटारात गेली. महाडच्या खासगी गुप्तहेर निशाकडे तो आला, तो गुन्हेगार ठरवूनच. बालमित्र चंदू, गॅरेजवाला. गाडीची सगळी नळजोडणी त्याचीच होती.

"संध्याकाळी पोलिसांत जातोय. त्याआधी पुरावा शोधा."

निशाबरोबर तिचे मामा येसाजी होते, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. वाफेच्या नळ्यांची भानगड त्यांना काही कळेना. निशाने वाटेत समजावलं. पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात मुरवतात, तिथून इंजिन ओढून घेतं. डब्याची एक नळी मात्र उघडीच ठेवायची, कारण पेट्रोल संपेल तशी टाकीत हवा तिथूनच येते.

नाते गावी सयाजीच्या अंगणात गाडी उभी होती. टाकी आत चेपलेली, पण रंगावर ओरखडाही नव्हता. गटारातून बाहेर पडल्यावर आपण टाकीचं झाकण काढलं तेव्हा सूं करून हवा आत शिरली, असं सयाजीने सांगितलं. पुढे गाडी ओढून आणली चंदूने, एकट्याने.

उघडी नळी स्वच्छ होती. फक्त वळणाशी मातीचे चार कण अडकले होते. मामांनी वाकून वास घेतला आणि त्यांना उगाचच भूक लागली. तसं ते बोललेही. निशा हसली नाही.

सयाजीची आई आवडीकाकी पाणी घेऊन आली. निघायच्या आदल्या दिवशी अंगणात पोपटी लावली होती, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भरून जाळात भाजल्या होत्या, शेजारपाजार जमला होता, चंदू तेवढा महाडात होता, असं तिच्याकडून कळलं.

चंदूने गॅरेजात मान वर केली नाही. "नळी मी जोडली. काय असेल ते माझ्यावर घ्या." आवडीकाकीचा गुडघा कसा आहे, एवढंच त्याने विचारलं. माणूस वाया गेला, असं मामांना वाटलं.

दुपारी निशाने चंदूला नात्याला नेलं आणि सगळ्यांना अंगणात बसवलं.

"टाकी कुणी ठोकली नाही. पंप पेट्रोल ओढत राहिला, हवा येईना, म्हणून ती आत बसली आणि पेट्रोल तुटून इंजिन बंद पडलं. उघडी नळी कुणीतरी बुजवली होती. मामांना भूक लागली तो वास भांबुर्डीचा. पोपटीच्या मडक्याचं तोंड आपण त्याच पाल्याने दाबतो. आणि त्या दिवशी चंदू इथे नव्हता."

आवडीकाकीच बोलली.

"अंगणात जाळ व्हता. नळीला पेट्रोलचा वास येत व्हता. ठिणगी पडली तं पोराची गाडी जळंल, म्हून पाला कोंबला न वरून चिखल लिंपला. काढायचा राह्यला रे."

"मग पाला गेला कुठे?" सयाजीने विचारलं.

"तो चंदूने काढला. गुन्हा लपवणारा माणूस वर 'माझ्यावर घ्या' म्हणत नाही. पाला बघताच हात कुणाचा ते त्याने ओळखलं होतं."

चंदू जमिनीकडे बघत म्हणाला, "लहानपणापासून काकीच्या मडक्यातलं खातोय. तू रागात तिला काय बोलला असतास, सयाजी?"

आपण चंदूला वाया गेलेला समजलो याची मामांना लाज वाटली. सयाजीचा तर चेहरा बघवत नव्हता. तो आवडीकाकीकडे वळला.

"आये, आज परत पोपटी लाव. गाडी जाळापासून लांब ढकलायला हवी, आणि माझा एकच हात हाय. चंद्या, ये."