आगरदांड्याच्या कोठारातला खेळ

केसर कोठाराची चावी आणायला नजमुद्दीनशेठच्या घरी गेली, तेव्हा सकाळचं ऊन नुकतंच जेटीवर उतरलं होतं. नाटक मंडळीचे मुरूडचे खेळ संपले होते. पुढचा मुक्काम श्रीवर्धनला. त्यासाठी आगरदांड्याहून खाडी ओलांडून दिघीला जायचं, पण सामानाच्या होड्या दुसऱ्या दिवशीच मिळणार होत्या. रिकामा दिवस मालकांना सोसवत नसे. त्यांनी जेटीजवळचं भाताचं कोठार एका खेळासाठी मागून घेतलं. खेळ दुपारी लावायचा, म्हणजे दिघीकडची माणसं बघून उजेडात परत जातील, असं ठरलं.

केसर रेवदंड्याची. नवरा वारल्यावर सासरी शिवणकाम करून राहिलेली, तिशीच्या आसपासची बाई. एकोणीसशे तीसच्या सुमारास ही मंडळी अलिबागेला आली, तेव्हा ती सरळ मालकांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला रंगभूमीवर काम करायचंय."

मालकांनी तिला नीट न्याहाळलं. "बायकांना कामं द्यायचे दिवस आलेत खरे," ते म्हणाले, "पण आमच्याकडे अजून नाहीत. राणीचं काम दिनानाथ करतो. तू आधी सुई धर."

तिने सुई धरली. शालूंचे काठ शिवले, घामाने कुबट झालेले अंगरखे धुतले, वाळवले, ट्रंकेत कापूर घालून ठेवले. आणि खेळ चालू असताना विंगेत उभी राहून दिनानाथांची अख्खी नक्कल, राणीची सगळी वाक्यं, पाठ केली. हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आदल्या दिवशी मंडळीचा, विंगेतून वाक्यं सांगणारा प्रॉम्प्टर हिवतापाने पडला. चौथीपर्यंत शिकलेली केसर वाचू शकते, हे मालकांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "उद्या पुस्तक घेऊन तू बस. नीट निभावलंस तर श्रीवर्धनला दासीच्या तोंडी दोन वाक्यं घालतो. तुझ्या तोंडी."

म्हणून चावी घेताना केसर खुशीत होती.

"समुद्राकडचं दार तेवढं उघडू नका," नजमुद्दीनशेठ म्हणाले. म्हातारा शांत, हळू बोलणारा. "पूर्वी भरतीला गलबत थेट दाराशी लागायचं, तिथूनच माल चढायचा. आता पायऱ्या वाहून गेल्या. उंबऱ्याखाली नुसतं पाणी हाय, खोल."

"बरं."

"आणि बाय... आत कुणाला हाक मारू नका."

"म्हणजे?"

"माणूस पायजे तर जवळ जायचं, हात लावायचा. आमचे हमाल तसंच करतात. अब्बांच्या वख्तापासून."

"का पण?"

"मी विचारलं न्हाय. त्यांनी सांगितलं न्हाय."

केसरने हे मालकांच्या कानावर घातलं. मालक हसले. "नाटकवाल्यांनी काय खुणांनी बोलायचं? जा, ट्रंकेतले कपडे काढून ठेव."

कोठाराला खिडक्या नव्हत्या. छपराच्या कौलांमधून दोन-चार उन्हाचे कवडसे पडत, ते गॅसबत्त्या पेटवल्यावर दिसेनासे झाले. बाहेर लख्ख दुपार आणि आत रात्र. भाताच्या तुसाचा, सुक्या मासळीचा, ओल्या दगडाचा असा मिळून एक वास होता. लोक दाटीवाटीने बसले. पुढे गावची प्रतिष्ठित मंडळी, त्यांत नजमुद्दीनशेठही. मागच्या पडद्याच्या पलीकडे हात-दीड हात जागा, आणि मग ते समुद्राकडचं दार, लाकडी आडणा घालून बंद केलेलं. भरती चढत होती. पेटी थांबली की जमिनीखालून पाणी दगडाला चाटत असल्याचा आवाज ऐकू येई.

पहिले दोन अंक छान झाले. दिनानाथांनी पस्तिशी ओलांडली होती, पण शालू नेसून ते उभे राहिले की समोरच्या बायकासुद्धा पदर सारखा करीत. अलीकडे त्यांचा आवाज जरा जड झाला होता, मधेच शब्द निसटत. केसर डाव्या विंगेत बसून हलक्या आवाजात पुढचा शब्द देई, तो ते अलगद उचलीत. कुणाला पत्ता लागत नव्हता.

तिसऱ्या अंकात राणी महालात एकटी असते. राजाची वाट बघत ती एक लांबलचक भाषण करते. दिनानाथांनी सुरुवात केली आणि चौथ्या वाक्यावर थांबले.

"महाराज, हा दिवा अजून तेवतोय..." केसर कुजबुजली.

दिनानाथांनी मान वर केली. पण तिच्याकडे नाही. मागे, पडद्याकडे.

"महाराज, हा दिवा..." तिने पुन्हा सांगितलं.

"हो," दिनानाथ म्हणाले. राणीच्या नाही, त्यांच्या स्वतःच्या, घरातल्या आवाजात. "ऐकलं. कुठल्या दाराने येऊ?"

लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. सगळे कान टवकारून बसले. केसरने पुस्तकात पाहिलं. असं वाक्य कुठेच नव्हतं. तिने पुन्हा, जरा मोठ्याने शब्द दिले. त्याबरोबर दिनानाथ गर्रकन वळले. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हे वीस वर्षांत ज्याने एकदाही मोडलं नव्हतं तो माणूस पाठ फिरवून चालू लागला.

"दिनानाथराव..." ती कुजबुजली. "दिनानाथराव, इकडे..."

ती बोलली की ते एक पाऊल टाकत. ती थांबली की थांबत, जणू नीट ऐकू यावं म्हणून मान कलती करत. मग पुन्हा पाऊल. मागचा पडदा त्यांनी हाताने बाजूला सारला. आडणा उचलल्याचा आवाज झाला. खारट, गार वारा आत आला आणि गॅसबत्त्या भुरभुरल्या. दाराच्या चौकटीत उन्हाने पांढरं पडलेलं पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं केसरला दिसलं. दिनानाथांनी शालूच्या निऱ्या उचलल्या. ओटीवर चढताना बायका उचलतात, तशा.

समोरच्या विंगेतून मालक ओरडणार, एवढ्यात केसरने त्यांना हाताच्या खुणेने गप्प केलं. मालकांना असं गप्प करण्याची तिची छाती कधी झाली नसती. पण आता बोलायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. पुस्तक टाकून ती उठली आणि भर उजेडात, साऱ्या लोकांसमोर, विटक्या हिरव्या लुगड्यात रंगमंचावरून धावत गेली. पडद्याआड जाऊन तिने दिनानाथांचं मनगट धरलं. त्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. हात बर्फासारखा गार. तिने दोन्ही हातांनी ओढलं. शालूचा काठ आडण्याच्या खिळ्यात अडकून टर्रकन फाटला आणि ते तिच्या अंगावर कोसळले.

त्यांनी डोळ्यांची उघडझाप केली. "कितवा अंक?" एवढंच विचारलं.

पायाने दार लोटून, आडणा घालून, त्यांना खांद्याचा आधार देत तिने पडद्यापुढे आणलं. दिनानाथांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. केसरने त्यांना आसनावर बसवलं, पुढे आली आणि म्हणाली, "वाट बघून बघून आमच्या राणीसाहेबांना भोवळ आली. त्यांच्या मनातलं आता मी सांगते. महाराज, हा दिवा अजून तेवतोय..."

आणि राणीचं भाषण तिने शेवटपर्यंत म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे न करता. टाळ्या थांबेनात. फक्त नजमुद्दीनशेठ टाळ्या वाजवत नव्हते. ते मागच्या पडद्याकडे बघत होते.

खेळ कसाबसा पुरा झाला. मालकांनी तिला बोलावलं. "दासी राहू दे," ते म्हणाले. "श्रीवर्धनला राणीचं काम तू कर. दिनानाथला थोडे दिवस विसावा देऊ." केसरने वाकून नमस्कार केला. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं एका दुपारी पदरात पडलं. तिला रडू आलं आणि का कोण जाणे, भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंका पुढच्या होडीतून गेल्या. मागच्या लहान होडीत केसर, दिनानाथ आणि मागे बसून वल्हं मारणारा तांडेल इसहाक, एवढेच. वारा पडला होता. खाडीचं पाणी तेलासारखं संथ. केसर फाटलेला शालू मांडीवर घेऊन शिवत होती. श्रीवर्धनला तो तिलाच नेसायचा होता.

टाके घालता घालता तिने विचारलं, "दिनानाथराव, काल तो आवाज कुणाचा होता?"

"कुठला?"

"पडद्यामागून तुम्हाला बोलावत होता तो. मला काही ऐकू आलं नाही, म्हणून विचारते."

दिनानाथांनी तिच्याकडे पाहिलं. नवल वाटल्यासारखं. "दुसरा कुणाचा आवाज नव्हताच, केसरबाई. तुमचाच होता. पहिल्यापासून तुम्हीच सांगत होतात."

"मी? मी तर दिव्याचं वाक्य देत होते."

"ते डाव्या कानाला येत होतं. पण मागूनही तुम्हीच होतात. अगदी मायेने म्हणत होतात... दार उघडं आहे, तुम्ही या. दमलात. पुढचं काम मी करते."

केसरचे हात थांबले. तिने मान खाली घातली, दोऱ्याचं टोक ओठांत धरलं आणि काठ जुळवू लागली. दिनानाथ होडीच्या कडेवर हात टेकून पाण्याकडे बघत बसले. हळूहळू त्यांची मान कलती झाली.

मागून इसहाक तांडेलाने घसा खाकरला.

"बाय," तो म्हणाला, "मघाधरून त्यांना बोलवताव कशाला? तुमच्या बाजूलाच तर बसलेत ते."

केसरच्या मिटल्या ओठांत दोरा तसाच होता. तिने शालू टाकला आणि दिनानाथांचं मनगट पकडलं. ते बर्फासारखं गार होतं. दिघीचा धक्का अजून बराच लांब होता.