सहामाहीतला पहिला नंबर

एप्रिलमधल्या त्या लग्नात मी नवऱ्यामुलाच्या बहिणीची मैत्रीण होते, म्हणजे तसं पाहिलं तर कुणीच नव्हते. उचगावच्या लॉनवर वेळेआधी पोचले आणि पंख्याखालची एक खुर्ची पकडून बसले. समोर साउंडवाल्यानं स्पीकरची भिंत उभी केली होती. माणसाच्या दुप्पट उंच... हळदीत नाचणाऱ्यांच्या छात्या हादरवायला. मी कानात बोटं घालायच्या तयारीतच होते.

आणि त्या भिंतीतून एक गिटार आली. हळू, ओलसर, जराशी कंटाळलेली.

शिलाँगच्या 'टिनशेड पोएट्स' या बँडचा 'वेट सॉक्स', गाणं तिसरं. अल्बम फेब्रुवारीत आलेला. अख्ख्या कोल्हापुरात तो ऐकणारी मी एकटीच, असा माझा समज होता. समज कसला, माजच होता.

अर्धं मिनिट वाजलं आणि बंद. पुढचं गाणं सुरू झालं, तेही मध्येच बंद.

मी उठलेच. "ओ, पूर्ण लावा की ते!"

मिक्सरमागून एक डोकं वर आलं. विस्कटलेले केस, गळ्यात हेडफोन आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू मी त्याच्याच लग्नाला आले होते.

"पावणं, गाणं लावलेलं न्हाय. चेकिंग चाललंय."

"ह्या गाण्यावर चेकिंग?"

"ह्यात बेस लई खाली जातोय. आणि त्या पोराचा आवाज पातळ हाय, सेटिंग चुकलं असलं की लगेच घावतंय."

"आणि शेवटी काय होतं ते?"

"शेवट कोण ऐकतंय? चेकिंगला अर्धा मिनिट बास झालं की."

इतका सुंदर अल्बम... आणि हा माणूस त्याचा फक्त वास घेऊन ताट बाजूला सारत होता.

माझं नाव अनुजा. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवते. उरलेल्या वेळात 'सहामाही' नावाचं एक ऑनलाइन पान चालवते. जानेवारी ते जून या काळात आलेले इंडी रॉक, म्हणजे स्वतःच्या हिमतीवर वाजवणाऱ्या बँडचे, अल्बम ऐकायचे, दहापैकी मार्क द्यायचे आणि तीस जूनला पहिल्या सहा नंबरांचा निकाल लावायचा. पान वाचणारे मूठभर आहेत, पण भांडकुदळ आहेत. दहापैकी दहा मी आजवर कुणालाच दिलेले नाहीत. माणसांनाही नाहीत. घरच्यांनी दाखवलेल्या शेवटच्या स्थळाला मी साडेपाच दिले होते, तेही त्याच्या आईनं केलेल्या चिवड्यामुळे.

साउंडवाल्याचं नाव शार्दूल. इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. नोकरी न करता स्पीकर घेतले म्हणून वडील त्याच्याशी कामापुरतंच बोलत. त्या लग्नात मी पानाचं आणि क्लासचं नाव सांगून बसले होते; आठवड्याभरातच तो क्लासच्या दारात उभा होता.

"मॅडम, तुमचं पान वाचलं. गोव्याच्या बँडला सात? त्यांचा ड्रमर दुपारचा झोपून वाजवतोय!"

ते वाक्य मी ढापलं आणि परीक्षणात घातलं. मग त्यानं हिस्सा मागितला, म्हणून गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर त्याला धारोष्ण दूध पाजावं लागलं. असं आमचं सुरू झालं. काय सुरू झालं, ते मी तेव्हा ठरवलं नव्हतं.

उचगावातल्या त्याच्या गोडाऊनमध्ये आम्ही ऐकायला बसायचो. मी इअरफोन पुढे केला की तो हात मागे घ्यायचा. "कानात कोंबून ऐकायचं म्हणजे लपून जेवल्यासारखं वाटतंय मला." मग मोठ्यानं लागायचं, आणि समोरच्या घरातून बनाकाकी ओरडायच्या, "आरं, म्हशी दूध द्यायच्या बंद हुतील!"

सांगलीच्या दोघांचा 'दुपारची शिफ्ट' हा अल्बम त्याला पहिल्या नंबरावर हवा होता. मी चौथा म्हणत होते. भांडता भांडता मॅडमची अनुजा झाली आणि तुम्हीचं तू झालं, नेमकं कधी ते कळलं नाही.

एक खोड मात्र जाईना. अर्धं मिनिट झालं की त्याचा हात आपोआप बटणाकडे जायचा. एकदा मी त्याचं मनगटच धरलं.

"थांब ना..."

तो थांबला. गाणं संपेपर्यंत मनगट माझ्या हातात होतं, आणि आम्ही दोघंही पत्र्यावरून टपटपणारा पाऊस फार लक्ष देऊन बघत होतो. त्या गाण्याला मी साडेआठ दिले. त्यातला एक मार्क बहुतेक मनगटाचा असावा.

जूनच्या मध्यावर तो म्हणाला, "बेंगळुरूच्या एका कंपनीचा फोन आलाय, बँडच्या टूर करत्यात ती. साउंडला माणूस पायजे. एक जुलैपास्नं. जाऊ काय?"

"चांगली संधी आहे," मी म्हटलं. क्लासमधल्या मुलांना सांगते, त्याच आवाजात.

"संधी कशी हाय ते न्हाय इचारलं, अनुजा."

"मग काय विचारलंस?"

त्यानं वायर गुंडाळायला घेतली. घरी येऊन मी रडले. साधं, नाक वाहेपर्यंत. जाऊ नको म्हणायचा मला काय हक्क होता? आणि मी ते न म्हणताच तो गेला, तर पुन्हा भेटेल कशावरून?

तीस जूनला दुपारी त्याचा फोन आला. स्पीकर भावाच्या ताब्यात द्यायचे होते, शेवटचं चेकिंग होतं. "ये. 'वेट सॉक्स' ऐकवतो. आज शेवटपर्यंत."

गोडाऊनचं शटर उघडं होतं आणि स्पीकरची भिंत रस्त्याकडे तोंड करून उभी होती. शार्दूल दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. बटणाकडे जाऊ नयेत म्हणून! एकेक गाणं पूर्ण वाजत गेलं. त्यानं डोळे मिटले होते. मी त्याच्याकडे बघत होते आणि माझं एकाही गाण्याकडे लक्ष नव्हतं.

मी वाट बघत होते ती शेवटाची. शेवटच्या गाण्यानंतर त्या अल्बमात मोठी शांतता आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, संपलं. आणि मग तो पातळ आवाजाचा गायक पुन्हा येतो आणि गिटारीशिवाय नुसतं बोलतो. म्हणतो, तू इतका वेळ थांबलीस, तर आता सांगतो. आणि सांगतो. मला जे जमत नव्हतं ते तो सांगणार होता. माझा सगळा बेत त्याच्यावर होता.

गाणं संपलं. शांतता आली.

शार्दूलनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं... आणि ताडकन उठला. "आवाज गेला! लाईन गेली कुठंतरी!"

"अरे, थांब—"

साउंडवाल्याला शांतता म्हणजे बिघाडच. त्यानं मिक्सरची सगळी बटणं वर ढकलली, एक वायर उपसली, दुसरी खोचली. भिंत एकदा खोकली. त्या वायरीबरोबर माझा शिलाँगचा वकीलही गेला.

"काय हुतं त्यात?" तो ओशाळून म्हणाला. "परत लावतो की."

"नको." मला एकदम स्वतःचीच लाज वाटली. किती दिवस मी दुसऱ्यांच्या गाण्यांना मार्क देत बसणार होते? हाताला काहीतरी धरायला हवं होतं, म्हणून टेबलावरचा माइक उचलला.

"त्यात एक जण सांगतो," मी म्हणाले, "की... तू गेलास तर मला करमणार नाही. म्हणजे जा तू, जायलाच हवं. पण मला तू आवडतोस, शार्दूल. फार."

प्रत्येक शब्द भिंतीतून बाहेर पडला. उचगावच्या रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली. मिक्सरची सगळी बटणं वर होती... माइकचंही.

समोरच्या गोठ्यातून बनाकाकी धारेची चरवी घेऊन बाहेर आल्या.

"पोरी, तुझं समदं ऐकू आलं गं!" त्या ओरडल्या. "त्यो काय म्हणला? त्याचं न्हाय आलं!"

शार्दूलचे कान लाल झाले होते. त्यानं माझ्या हातातून माइक घेतला, हात मात्र सोडला नाही.

"काकी," भिंत म्हणाली, "मी बी तेच म्हणतोय. एप्रिलपास्नं."

"मग बेंगळुरूला कशाला चाललाईस मरायला?"

"डिसेंबरात टूर संपतीया. येतोय की परत." हे तो माझ्याकडे बघून म्हणाला, माइक बाजूला ठेवून.

मग त्यानं शेवटचं गाणं पुन्हा लावलं. शांतता आली तेव्हा त्याचं मनगट माझ्या हातात होतं, आणि तो हलला नाही.

निकाल त्या वर्षी एक दिवस उशिरा लागला. पहिला नंबर 'वेट सॉक्स', दहापैकी साडेनऊ. अर्धा मार्क कुठे गेला म्हणून वाचक भांडले. मी लिहिलं, डिसेंबरात देणार आहे. माणूस परत आल्यावर.