भरल्या रांजणातलं गाणं

ग्लास खाली ठेव, बाचो. हे ऐकताना पिऊ नये.

आपला शेजारी मालखाझ. त्याच्या तळघरात घडलेलं सांगतो. यंदाच्या ईस्टरच्या आधीचा शुक्रवार, रात्रीची वेळ. सकाळी वॉर्सोची एक बाई वाइन न्यायला येणार होती. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या अख्ख्या रांजणाची वाइन ती घेणार, पण झाकणाचं लिंपण तिच्यासमोरच फुटायला हवं. जॉर्जियात रांजण कसा उघडतात त्याचा व्हिडिओ तिला गिऱ्हाइकांना दाखवायचा होता. आधी उघडला तर सौदा रद्द. मालखाझच्या घराचं वर्ष त्या एका रांजणावर होतं. म्हणून तो झाकणावरची माती झाडायला खाली उतरला.

बायको एतेरी वरून ओरडली, "नीट झाड! नाहीतर ती बाई धूळच पिऊन जायची."

"धुळीचे पैसे वेगळे लावीन!"

माती झाडली. आणि खालून गाणं आलं.

तुम्हाला ठाऊक आहे, रिकामा रांजण धुवायला माणूस काखेखालून दोराचा फास घालून आत उतरतो आणि आत असेपर्यंत गात राहतो. गाणं थांबलं की त्याचा श्वास कोंडला. वरच्यानं लगेच ओढायचं. मालखाझचा धाकटा भाऊ झाझा गेल्या सुगीत याच रांजणात गुदमरून गेला. शेजारच्या रांजणात द्राक्षं आंबत होती, त्यांचा जड वायू आत उतरला. गाणं थांबलं तेव्हा मालखाझ अंगणात फोनवर होता. याच बाईशी भाव ठरवत.

आम्ही म्हणालो, "अरे, एक वर्ष तो रिकामा ठेव." त्यानं भरला. बाईला शब्द दिला होता ना.

आवाज झाझाचाच. वरच्या सुरात फाटणारा. वर दगडी झाकण, कडेनं लिंपलेली माती, आत काठोकाठ वाइन... आणि गाणं चाललेलं.

"झाझा?"

गाणं दमत गेलं. एक ओळ अर्धी आली...

थांबलं.

मालखाझ उभा. उघडावं तर सगळं गेलं. न उघडावं तर...

त्यानं दगड ढकलला.

वाइन शांत होती. त्यानं खुंटीवरचा दोर काढला, सरळ आत सोडला. दोर ताठ झाला.

ओढला. हलेना. एतेरी आली. काही न विचारता तिनं दोर धरला. मग मला हाका मारल्या. मी गेलो, मीही धरला. खालून ना हिसका, ना आवाज. नुसतं वजन. एका माणसाचं.

"धर रे," मालखाझ म्हणत होता. "धरून राहा, झाझा... या वेळी आहे मी. इथंच आहे..."

आम्ही तिघं. आणि दोर वीतभरही वर येईना.

उजाडता उजाडता तो एकदम ढिला पडला. आम्ही मागं कोसळलो. मालखाझ उठलाच नाही. तिथंच, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला...

बाई आली, उघडा रांजण पाहिला, निघून गेली.

दोर मी वर काढला. खुंटीवर असताना त्याचं टोक मोकळं होतं, हे एतेरीनंही पाहिलेलं. आता टोकाला फास होता. काखेखालून घालतात तसा, नीट आवळलेल्या गाठीचा.

रिकामा.