काटकोनात सापडलेले आप्पा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, उड्डाणाआधीच्या वैद्यकीय तपासणीत, यंत्रमानव दक्षकाने आप्पांना मृत घोषित केलं. आप्पा तेव्हा चहात बिस्किट बुडवत होते.

"मानेच्या धमनीत रक्ताचा वेग शून्य," दक्षक म्हणाला. "मृत प्रवाशांना चंद्रयानात बसता येत नाही. तिकीट रद्द. कुटुंबाच्या दुःखात मी सहभागी आहे."

"अरे दगडा, मी बोलतोय ना!"

"नोंद घेतली. तरी शून्य."

यान दहाला सुटणार होतं. ध्वनिशास्त्रज्ञ आप्पा चौऱ्याहत्तराव्या वर्षी चंद्राच्या पोटातले हादरे ऐकायला निघाले होते. या जागेसाठी त्यांनी बारा वर्षं वाट पाहिली होती. त्यांची नात शर्वाणी चांगलीच तापली.

"आप्पा, हा वेग मोजतो तरी कसा?"

"श्राव्यातीत ध्वनी (कानाला ऐकू न येणारा, फार वरच्या पट्टीतला आवाज) आत सोडतो. तो रक्तपेशींवर आपटून परत येतो. रस्त्यावर रुग्णवाहिकेचा भोंगा कसा ऐकू येतो?"

"जवळ येताना चिरका, लांब जाताना जाडा."

"बरोबर. येताना लहरी दाटीवाटीने पोचतात, म्हणून वारंवारता (दर सेकंदाला येणाऱ्या लहरींची संख्या) वाढते. जाताना घटते. धावती पेशीही परत पाठवलेल्या आवाजात असाच फरक करते. फरक जितका मोठा, तितका वेग जास्त."

"आणि गाडी अगदी समोरून आडवी जाते तेव्हा?"

"तेव्हा ती ना जवळ येते, ना लांब जाते. म्हणजे फरक..." आप्पांचं बिस्किट चहात बुडालं.

"शून्य!" शर्वाणी ओरडली. दक्षकाच्या हातातला संवेदक (आवाज सोडणारी आणि ऐकणारी कांडी) धमनीशी नेमका काटकोनात होता. "असा का धरलास रे?"

"माझे प्रशिक्षक निवृत्त मुख्याध्यापक होते. तिरकं काहीही चालत नसे."

"तिरका धर!"

"ही बेशिस्त आहे."

"धर म्हणते ना!"

दक्षकाने डोळे मिटून संवेदक कलवला. सूंऽ... सूंऽ... सूंऽ... खोलीभर आप्पांचं रक्त घुमू लागलं.

"आता किती कलवलास, तो कोनही गणितात घे," आप्पा म्हणाले.

"सेकंदाला सत्तर सेंटिमीटर. प्रवासी जिवंत. शोकसंदेश मागे."

बरोबर दहाला यान झेपावलं. शर्वाणी टाळ्या पिटत नाचली. शेजारी दक्षक उभा होता, मान मुद्दाम जराशी कलवलेली.

"नव्या यंत्रमानवांना पहिला धडा तू दे," तो म्हणाला. "मुख्याध्यापकांना मी सांभाळतो."